मोठ्या वाऱ्याची रात्र आणि आजोबांची साक्ष

१९०९ सालच्या जानेवारीत आयर्लंडमधल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सरकारनं एक अवघड प्रश्न विचारला: तुमचं वय काय?

आदल्या वर्षी वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला होता. सत्तरी गाठलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग मिळणार होते, आणि त्या काळच्या खेड्यात ही रक्कम लहान नव्हती. पण सत्तरी गाठली हे दाखवायचं कशावरून? आयर्लंडमध्ये सरसकट सगळ्या जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ साली. म्हणजे पेन्शनच्या रांगेत उभ्या असलेल्यांचा जन्म सरकारदरबारी झालेलाच नव्हता. मग अधिकाऱ्यांपुढे वेगळाच दाखला येऊ लागला. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ आलं होतं. छपरं उडाली, झाडं मुळासकट गेली. लोकांच्या तोंडी ती रात्र 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणून राहिली. ज्याला ती आठवते तो सत्तरीपलीकडचा, हा हिशेब सोपा होता. मग काय, ज्याला त्याला ती रात्र आठवू लागली. 'त्या रात्री मी हातात धरून बटाटा खात होतो' असं सांगणारे म्हातारे त्या काळच्या किश्शांमध्ये हमखास भेटतात.

यात खरे किती आणि पाच शिलिंगांसाठी म्हातारे झालेले किती, देव जाणे. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची पानं आज घरबसल्या पाहता येतात. दहा वर्षांच्या अवधीत काही मंडळींचं वय चौदा-पंधरा वर्षांनी वाढलेलं तिथं स्पष्ट दिसतं.

मराठी माणसानं याला हसू नये. आमच्याच नात्यात तिघांचे वाढदिवस एक जूनला येतात, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती तारीख घातली. पणजी 'प्लेगच्या साली झाली' एवढंच घरात माहीत होतं, आणि कुणाचं त्यावाचून काही अडलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की घरातल्या गोष्टीवेल्हाळ माणसाचं तो गेल्यावर काय करायचं हा प्रश्न आयर्लंडइतका कुणाच्या गळ्यात पडलेला नाही. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत येणारे मृत्युलेख वाचत गेलं तर एक आजोबा पुन्हा पुन्हा भेटतात. नोकरी पोलिसात किंवा अग्निशमन दलात, नातवंडं पुष्कळ, आयरिश वारशावर जीव, आणि जेवणाच्या टेबलाशी बसले की गोष्टी संपायच्या नाहीत. यातल्या कित्येकांनी आयर्लंड डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. २०२० च्या अमेरिकी जनगणनेत ३ कोटी ८६ लाख लोकांनी आपलं मूळ आयरिश असल्याचं लिहिलं. खुद्द आयर्लंड बेटाची लोकसंख्या, उत्तर आणि दक्षिण मिळून, सत्तर लाखांच्या आसपास आहे. म्हणजे बेटावर राहणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त माणसं त्या बेटाशी नातं सांगतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते नातं एखाद्या आजोबांच्या गोष्टीवर उभं असतं.

असे आजोबा गेले की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष कागद काढतो. जहाजांच्या याद्या, चर्चच्या नोंदवह्या आणि आता थुंकी पाठवून करायची डीएनए चाचणीसुद्धा. महिन्याभरात निकाल लागतो, की आजोबांच्या निम्म्या गोष्टी थापा होत्या. दुसरा पक्ष फोटोला हार घालतो आणि आजोबांनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य पोथीसारखं जपतो. माझ्या मते दोघेही आजोबांना विसरायच्या मार्गाला लागलेले असतात. गोष्ट खरी की खोटी याचा निवाडा करण्याआधी एक साधं काम करायचं असतं. ती कुणी सांगितली, तेव्हा त्याचं वय काय होतं, त्यानं ती कुणाकडून ऐकली, हे गोष्टीखाली लिहायचं. एवढं केलं की गोष्ट त्या माणसाची राहते. एरवी ती एकतर पुरावा होते किंवा पूजेची मूर्ती.

कागदवाल्या पक्षाला आयर्लंडमध्ये मुळातच एक अडचण आहे. १९२२ च्या जूनअखेर, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतला सार्वजनिक दप्तरखाना उडाला. शेकडो वर्षांचे दस्त, मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदवह्या जळाल्या आणि अर्धवट जळलेले कागद शहरावर उडत राहिले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या जनगणनांची जवळजवळ सगळी पानं त्यात गेली. पुढच्या चार जनगणनांची पानं तर सरकारनं आधीच, स्वतःच्या हातांनी, नष्ट केली होती. त्यामुळे घराण्याचा शोध घेणारा माणूस १९०१ च्या मागे जाऊ लागला, की थोड्याच पावलांत भिंतीवर आपटतो. तिथून पुढे कुणाच्या आजीनं सांगितलेलं असेल तेवढंच. देशाचा दप्तरखानाच जळला असताना आजोबांकडे कागद मागणं हा थोडा क्रूर विनोद आहे.

तरीही कागदवाल्यांचं काही बरोबर असतं, आणि ते कुठे बरोबर असतं याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंडचं केंद्र उघडलं. तिथून अमेरिकेत शिरलेली पहिली व्यक्ती म्हणजे कॉर्क परगण्यातली अ‍ॅनी मूर. 'नेवाडा' नावाच्या जहाजातून दोन धाकट्या भावांना घेऊन ती आली. अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं. वर्तमानपत्रांनी ती पंधरा वर्षांची असल्याचं छापलं. होती सतरा वर्षांची. पुढे तिचे पुतळे उभे राहिले, एक एलिस आयलंडवर आणि एक कोव्हच्या धक्क्यावर, जिथून ती निघाली होती.

आणि पुतळ्यातल्या मुलीचं पुढे काय झालं? त्याची एक गोष्ट टेक्सासमधल्या एका घरात चालत आली होती. ही आमचीच अ‍ॅनी, पश्चिमेकडे आली, इथं लग्न केलं, शेवटी ट्रामखाली सापडून गेली. त्या घरातली माणसं समारंभांना सन्मानानं बोलावली जात. गोष्ट प्रेमानं सांगितली गेली होती आणि सांगणाऱ्यांचा तिच्यावर विश्वास होता, याबद्दल मला शंका नाही. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक या वंशावळी अभ्यासणाऱ्या बाईंनी कागद लावून दाखवलं, की टेक्सासची अ‍ॅनी मूर अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात, जन्मलेली होती. खरी अ‍ॅनी मॅनहॅटनच्या गरीब वस्तीबाहेर कधी पडलीच नाही. एका बेकरीतल्या कारकुनाशी तिनं लग्न केलं, दहाहून जास्त मुलं झाली, त्यातली बरीच लहानपणीच गेली. १९२४ मध्ये ती वारली. क्वीन्समधल्या दफनभूमीत तिच्या जागेवर दगडसुद्धा नव्हता. तो बसला २००८ मध्ये.

मी हे उदाहरण कागदवाल्यांच्या पदरात टाकतो, पण एका मर्यादेत. टेक्सासच्या घराण्यानं आपल्या आजीची गोष्ट रंगवली म्हणून काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते तेव्हा, जेव्हा त्या गोष्टीनं दुसऱ्या एका बाईची जागा घेतली आणि ती बाई चौऱ्याऐंशी वर्षं बिनदगडाची राहिली. आजोबांच्या गोष्टीत वादळ जास्त मोठं झालं, पूर्वजाच्या हातात कोयत्याऐवजी तलवार आली, तर येऊ द्यावी. गोष्ट दुसऱ्याचं काही हिरावत असेल, कुणाची जमीन, कुणाचं श्रेय, कुणाचं थडगं, तर मात्र प्रेमाचा मुलाहिजा ठेवू नये. 'एलिस आयलंडवरच्या साहेबानं आमचं आडनाव बदललं' ही अमेरिकाभर चालणारी गोष्टही अशीच खोटी आहे. तिथले कारकून जहाजावरून आलेल्या यादीशी नावं ताडून पाहायचे, नवीन नावं ठेवायचे नाहीत. पण ती कुणाच्या आजोबांनी सांगितली तर मी मधे तोंड घालणार नाही. नाव बदलल्याची बोच खरी असते. साहेब तेवढा नंतर आला.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे हारवाल्यांकडे वळतो. त्यांच्याशी माझं भांडण जरा मोठं आहे.

आयरिश भाषेत गोष्ट सांगणाऱ्यासाठी दोन शब्द आहेत. 'श्केली' म्हणजे राजपुत्रांच्या, राक्षसांच्या, दंतकथेतला योद्धा फिन आणि त्याच्या वीरांच्या लांबलचक कथा सांगणारा. 'शॅनखी' म्हणजे गावाचं, घराण्याचं, शेताच्या बांधाचं जुनं सांगणारा. कोण कुणाचा जावई, कुठल्या विहिरीचं पाणी कशाला उतारा, कोणत्या टेकाडावर परी राहतात म्हणून नांगर घालायचा नाही, हे सगळं त्याच्याकडे. घरचे आजोबा म्हणजे बहुतेक वेळा शॅनखी. त्यांचा हंगाम हिवाळ्याचा, एक नोव्हेंबरच्या आसपास सुरू होऊन सेंट पॅट्रिकच्या दिवसापर्यंत, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत. शेजारपाजारचे एका ठरलेल्या घरी जमायचे, चुलीत पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या इंधनाची धग. म्हण अशी: पहिली गोष्ट घरधन्याची आणि मग पहाटेपर्यंतच्या पाहुण्याच्या. मला ही म्हण फार आवडते. आतिथ्याची अशी रीत दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. जेवण घरच्याचं, आणि पाहुण्यानं त्याची परतफेड रात्र जागवून करायची.

या जगातली सगळ्यांत प्रसिद्ध बाई म्हणजे पेग सेअर्स. जन्म १८७३ चा, केरी परगण्याच्या पश्चिम टोकाला. वडील टोमास पंचक्रोशीत नावाजलेले कथाकार, आणि पेगच्या गोष्टी बहुतेक त्यांच्याकडून आलेल्या. लग्न होऊन ती ब्लास्केट नावाच्या उघड्या बेटावर गेली, चाळीसहून जास्त हिवाळे तिथं काढले. आयरिश लिहिता-वाचता येत नव्हतं. फिनच्या वीरकथा सांगणं हे पुरुषाचं काम, असा तिकडे संकेत होता. 'बांग देणारी कोंबडी आणि वीरकथा सांगणारी बाई' अशी टोमणेवजा म्हणच होती. पेगला त्या कथा येत होत्या आणि तिनं त्या सांगितल्या. लोककथा गोळा करणाऱ्यांनी तिच्याकडून साडेतीनशेहून जास्त गोष्टी उतरवून घेतल्या. त्यांतून दिसणारी पेग मिश्कील आहे, रांगडी आहे, प्रसंगी चावट आहे.

पण आयर्लंडला माहीत झालेली पेग वेगळी. तिनं मुलाला सांगितलेली आठवणींची वही १९३६ मध्ये पुस्तक होऊन आली. तिच्या पहिल्याच वाक्यात ती म्हणते, की आता माझा एक पाय थडग्यात आहे आणि दुसरा त्याच्या काठावर. आपल्याकडे गोवऱ्या स्मशानात गेल्या म्हणतात, तसंच. लिहून घेणारा मुलगा, छापायला लायक काय ते ठरवणारी डब्लिनची मंडळी आणि नव्या राष्ट्राला हवी असलेली सोशिक, श्रद्धाळू, कष्टाळू आयरिश माता यांच्यामधून गाळून निघता निघता त्या बाईतली चेष्टा जवळजवळ संपली. राहिली मरणं, दर्या आणि देवाची इच्छा. मग हे पुस्तक शाळेत लावलं गेलं. कित्येक दशकं आयर्लंडमधल्या किशोरवयीन मुलांनी ते परीक्षेसाठी पाठ केलं, आणि 'पेग' हे नाव उच्चारलं की कपाळाला आठ्या पडणारी एक अख्खी पिढी तयार झाली. त्यांतल्या अनेकांच्या मनात आयरिश भाषेबद्दलची अढी तिथूनच बसली.

सबंध आयर्लंडला आजी मिळावी म्हणून एका खऱ्या बाईचं काय केलं, ते बघा. तिच्याबद्दल आदर कमी होता असं कुणी म्हणणार नाही. आदरानंच घात केला. हार घालताना मान झाकली जाते, तसं.

कुणी म्हणेल, मेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आठवावं, यात वाईट काय? घरापुरतं हे मला समजतं. तेराव्याला कुणी आजोबांचं कर्ज काढत नाही. पण आयर्लंडमध्ये घरची गोष्ट हीच इतिहासाची नोंद झालेली असल्यामुळे या सौजन्याची किंमत मोठी पडते. १८४५ नंतरच्या दुष्काळात तिथं सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १९४५ मध्ये शंभर वर्षं झाली म्हणून लोककथा मंडळानं त्याबद्दलच्या आठवणी प्रश्नावली काढून गोळा केल्या. ती उत्तरं वाचणाऱ्या अभ्यासकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. आमच्याकडे तितकं झालं नाही, पलीकडच्या गावात फार मेले. प्रत्येकाचा दुष्काळ पलीकडच्या गावात. उपाशी मेलेल्यांच्या घरात जन्म घेतल्याची लाज आणि शेजाऱ्याची रिकामी झालेली जमीन आपल्या बांधात आल्याची अपराधी जाणीव, दोन्ही त्या एका वाक्यात गुंडाळलेल्या असतात. हे वाक्य खोटं म्हणून फेकून दिलं तर हातचा ऐवज गेला. खरं म्हणून छापलं तरी गेला. 'अमक्या गावच्या, अमक्या वयाच्या बाईनं असं सांगितलं' असं लिहून ठेवलं तरच ते बोलतं.

यादवी युद्धाचंही तेच. १९२२-२३ मध्ये कालपर्यंत एका खंदकात असलेल्या माणसांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, आणि मग आयुष्यभर त्याच गावात, त्याच चर्चमध्ये, शेजारशेजारच्या बाकांवर बसले. इंग्रजांशी कसे लढलो याच्या गोष्टी आजोबा रात्रभर सांगायचे. पुढच्या अकरा महिन्यांबद्दल एक शब्द नाही. नातवंडांना ते कळलं २०१४ नंतर, जेव्हा लष्करी पेन्शनचे जुने अर्ज सरकारनं टप्प्याटप्प्यानं खुले केले. पुन्हा पेन्शन! घरात जे ओठाबाहेर पडलं नाही ते म्हाताऱ्यांनी सरकारी फॉर्मवर लिहिलं होतं: कुठं होतो, कुणाबरोबर, काय केलं. त्यातही सरकारनं सगळ्यांचं ऐकलं नाही. इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या उठावात बंदूक घेऊन लढताना तीन गोळ्या लागलेल्या मार्गारेट स्किनिडर यांचा अर्ज १९२५ मध्ये नाकारला गेला. कायद्यातला 'सैनिक' हा शब्द पुल्लिंगी आहे, हे कारण. तेरा वर्षांनी त्यांना पेन्शन मिळालं. साक्ष ऐकणारा कोण आहे, यावर साक्ष बदलते. पेन्शनच्या साहेबापुढची गोष्ट वेगळी, नातवापुढची वेगळी. दोन्ही आजोबांच्याच.

म्हणून मला १९३७ ची शाळांची योजना, म्हणजे मुलांकडून म्हाताऱ्यांच्या गोष्टी लिहून घेण्याची, आयर्लंडनं केलेल्या सगळ्या उपक्रमांत शहाणी वाटते. त्याआधी दोन वर्षं, १९३५ मध्ये, सरकारनं लोककथा मंडळ स्थापन केलं होतं. शेमस ओ दुलार्गा हा त्याचा कर्ताधर्ता. मंडळाची माणसं सायकलवर एडिफोन नावाचं जड यंत्र बांधून डोंगरातून हिंडायची. यंत्रात मेणाची नळकांडी, त्यांवर आवाज कोरला जायचा. रात्री बसून ते सगळं शब्दन् शब्द वहीत उतरवायचं. आणि मग, पैसे बेताचे म्हणून, नळकांड्यावरचं मेण तासून ते पुन्हा वापरायला घ्यायचं. म्हाताऱ्याचा आवाज, त्याचं थांबणं, खाकरणं, मधेच हसणं, सगळं मेणाच्या भुशासोबत जमिनीवर. शब्द तेवढे राहिले. त्या संग्राहकांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. थंडीवाऱ्यात त्यांनी जे केलं त्याला तोड नाही, आणि तो संग्रह २०१७ मध्ये युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' यादीत गेला हे योग्यच झालं. पण तासलेलं मेण डोळ्यांपुढून जात नाही.

शाळांच्या योजनेत यंत्र नव्हतं. पाचवी-सहावीच्या मुलांना आठवड्याचा निबंध माफ केला आणि त्याऐवजी सांगितलं: घरी जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, वहीत लिहून आणा. विषय मास्तर देणार. पुरलेलं धन. पावसाची चिन्हं. लोणी घुसळताना पाळायच्या गोष्टी. गावठी औषधं. दुष्काळाचा काळ. लहानपणी पायात काय घालायचात. सुमारे पाच हजार शाळा, पन्नास हजारांहून जास्त मुलं, दोन वर्षं. जमलेली पानं सात लाख चाळीस हजार. उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटिश राज्यात असल्यामुळे यात नव्हते, ही मोठीच उणीव.

पण त्या वह्यांचं रूप पाहा. आता त्या इंटरनेटवर आहेत, कुणीही उघडाव्यात. गोल, जपून काढलेलं अक्षर. दौतीची शाई. बाराएक वर्षांच्या मुलीनं लिहिलेली अर्ध्या पानाची गोष्ट, आणि पुष्कळदा तिच्याखाली: मुलीचं नाव, गाव, सांगणाऱ्याचं नाव, वय, नातं. माझे आजोबा, वय बहात्तर. बस्स. 'असं घडलं' असा दावा नाही, 'असं म्हणतात' अशी टाळाटाळ नाही. अमक्यानं मला सांगितलं. ज्या देशानं पाच शिलिंगांसाठी मोठ्या वाऱ्याची रात्र साक्षीला काढली, त्याच देशाच्या मुलांनी साक्षीची इतकी नेटकी रीत पाळली, याचं मला कौतुक वाटतं. या वह्या संगणकावर उतरवून काढायचं काम आता जगभरातले हौशी लोक करताहेत आणि त्यांच्या गटाचं नाव 'मेहल' आहे. आयरिशमध्ये मेहल म्हणजे एकाच्या शेतावर सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून केलेलं काम. आपली इर्जिक.

याच्या शेजारी आणखी एका आयरिश माणसाचं काम ठेवून बघण्यासारखं आहे, कारण त्याचा संबंध थेट आपल्याशी येतो. जॉर्ज ग्रिअर्सन डब्लिनजवळचा, १८५१ चा जन्म. भारताचं भाषिक सर्वेक्षण त्यानं केलं, आणि १९०५ मध्ये आलेला त्याचा सातवा खंड मराठी आणि तिच्या बोलींचा. बोलींची तुलना करता यावी म्हणून त्यानं सगळीकडून बायबलमधली एकच गोष्ट मागवली, उधळ्या मुलाची. जोडीला स्थानिक मजकूरही घेतला, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा नमुना. कोकणातला माणूस, वऱ्हाडातला माणूस, प्रत्येकानं आपापल्या बोलीत त्याच बापाला त्याच मुलाची गळाभेट घ्यायला लावली. भाषाशास्त्राला हे सोयीचं, त्यात वाद नाही. मला मात्र तो खंड चाळताना वाटतं, कुणीतरी या माणसांना विचारायचं राहून गेलं: बाबा, तुझी गोष्ट कुठली? बत्तीस वर्षांनी त्याच्याच मायभूमीत पोरांनी दारोदार जाऊन विचारलं ते हेच.

आज कुटुंबांकडे एडिफोनपेक्षा लाख पटीनं चांगलं यंत्र खिशात आहे. मेण तासायची गरज उरलेली नाही. तरी आजोबांच्या चाळीस तासांच्या ध्वनिफिती मोबाइलमध्ये पडून आहेत आणि एकही कुणी दुसऱ्यांदा ऐकलेली नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. साठवणं आणि ऐकणं यांत जे अंतर आहे ते यंत्रानं कमी होत नाही. शाळेच्या योजनेत खरी गोम वहीत नव्हतीच. त्या दोन वर्षांत पन्नास हजार मुलं संध्याकाळी चुलीजवळ जाऊन म्हणाली, की आजोबा, सांगा. कुणाला निबंध चुकवायचा होता, कुणाला मास्तरांची भीती होती. कारण काही का असेना, विचारलं तर. माझं म्हणणं एवढंच आहे, की वारसा जपायचा म्हणून सरकारं आणि संस्था स्मारकांवर, संग्रहालयांवर जो पैसा घालतात त्यातला थोडा या गृहपाठावर घालावा, दर पिढीला एकदा. आयर्लंडनंही तो इतक्या मोठ्या प्रमाणावर पुन्हा दिला नाही, ही माझी त्या देशाबद्दलची तक्रार.

ओ दुलार्गाची स्वतःची सुरुवात अशाच एका माणसापाशी झाली. १९२३ मध्ये तो केरीतल्या किल रियालिग या समुद्रावर लोंबणाऱ्या वाडीत गेला. तिथं शॉन ओ कोनिल भेटला. सत्तरीचा शेतकरी आणि मच्छीमार, शाळेचं तोंड न पाहिलेला, आयरिशशिवाय दुसरी भाषा नाही. आयुष्यात एकदा आगगाडीनं जत्रेला गेला होता, तो परत पायी आला. डोक्यात मात्र एक ग्रंथालय. ओ दुलार्गानं पुढची कित्येक वर्षं जाऊन जाऊन त्याच्या गोष्टी उतरवल्या. १९३१ मध्ये शॉन वारला; पुस्तक निघालं १९४८ मध्ये.

ओ दुलार्गा येण्याआधी या माणसाकडे गोष्टी होत्या, ऐकणारे उरले नव्हते. आयरिश समजणारी माणसं विरळ झाली होती, रात्रीच्या बैठका मोडल्या होत्या. गोष्टी विसरू नयेत म्हणून तो आसपास कुणी नाही असं पाहून त्या मोठ्यानं म्हणायचा. गुरं चरायला सोडली की दगडी गडग्यापुढे उभा राहायचा आणि बैठकीत सांगावी तशी, हातवाऱ्यांसकट, आवाज चढवत-उतरवत, गडग्याला गोष्ट सांगायचा. बाजारातून परतताना करड्या घोडीची गाडी चढ चढत असायची आणि हा मागून चालत गाडीच्या पाठीला गोष्ट ऐकवायचा.

गडग्याची हकिगत ओ दुलार्गाला सांगितली शॉनच्या मुलानं. त्यानं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.